शालेय मंत्रिमंडळ

विद्यार्थ्यांनी आपल्यातूनच निवडलेले प्रतिनिधिमंडळ. बालसंसद किंवा बालसभा या नावांनीही ते ओळखले जाते. महाराष्ट्रातील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत ही पद्धत रुळलेली आहे.

निवड बहुधा सत्राच्या आरंभी होते. उमेदवारी, प्रचार, चिठ्ठीवर शिक्का, बोटाला शाई, मतमोजणी आणि शपथविधी असा खऱ्या निवडणुकीचा क्रम मुले गिरवतात. काही शाळांत मोबाइलवरील मतदानयंत्रही वापरतात. मुख्यमंत्र्याबरोबर शिक्षण, आरोग्य, स्वच्छता, क्रीडा, पर्यावरण अशा खात्यांचे मंत्री असतात. परिपाठ, हात धुणे, पोषण आहाराची पंगत, वाचनपेट्या व परसबाग यांवर मंत्री लक्ष ठेवतात.

या पद्धतीमागे मुलांच्या सहभागाचा विचार आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क संहितेतील १२वे कलम मुलाला स्वतःविषयीच्या बाबींत मत मांडण्याचा हक्क देते. भारताने ती १९९२ मध्ये स्वीकारली. शिक्षणहक्क कायदा, २००९ मधील कलम २९ भयमुक्त वातावरण व मोकळी अभिव्यक्ती यांवर भर देते. महाराष्ट्रात शाळा व्यवस्थापन समितीवरही विद्यार्थी प्रतिनिधी घेतले जातात.

शिरड शहापूर (ता. औंढा नागनाथ, जि. हिंगोली) यासारख्या ग्रामीण भागात मुलांना ग्रामपंचायतीची निवडणूक घराच्या ओट्यावरूनच दिसते, त्यामुळे ही रचना त्यांना परकी वाटत नाही. मात्र मंत्री केवळ वर्गावर देखरेख करणारे मॉनिटर ठरले, तर हेतू हरवतो. मुलांनी मांडलेल्या मागणीला शिक्षकांकडून होकार किंवा सकारण नकार मिळणे, ही या पद्धतीच्या यशाची कसोटी होय.