पस्तीस कार्षापणांचा एक सुवर्ण

नाणेघाट चढून आलेला परमुलखातला माल आपल्या जुन्नर-आळ्याच्या मुलखात उतरायचा, त्याला आता दोन हजार वर्षं झाली. मालाबरोबर परका पैसाही यायचा. मग या नाण्याची ती नाणी किती, हे ठरायचं कसं?

एक भाव नाशिकच्या पांडवलेण्यात चक्क कोरून ठेवलाय. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने देव-ब्राह्मणांना ७०,००० कार्षापण दिले, आणि पुढे हिशेब घातला: पस्तीसांचा एक सुवर्ण, म्हणजे २,००० सुवर्ण. कार्षापण चांदीचा, घरचा. सोनं मात्र बाहेरचं; क्षत्रपांनी सोन्याचं नाणं पाडलं नाही. हा नहपान आपल्याला परका नव्हे. त्याचा अमात्य अयम याचा लेख जुन्नरच्या मानमोडी डोंगरात आहे.

त्याच नाशिकच्या लेखात एक ठेव आहे. गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे २,००० कार्षापण, व्याज दरमहा शेकडा एक. वर्षाचे २४०, वीस भिक्षूंना चिवरासाठी बारा-बारा. मुद्दल कधीच परत घ्यायचं नाही, व्याजच खायचं. हिशेब चोख, पण राज्यच गेलं तर?

आणि ते गेलंच. गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला. १९०६ साली जोगळटेंभीला नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राचा छाप आहे. त्याने ती वितळवली नाहीत. नहपानाच्या चेहऱ्यावरच आपली चिन्हं उठवली. चांदी तीच, वजनही तेच. काही नाण्यांवर तर छापाखालून नहपानाचं नाक अजून डोकावतं.