वजीर गेला म्हणजे डाव गेला का?

देवळाली कॅम्पात संध्याकाळी फिरायला निघालात, तर तोफखान्यातून निवृत्त झालेली मंडळी एखाद्या ओट्यावर बुद्धिबळाचा पट मांडून बसलेली दिसतील. अशाच एका पटावर मी एकदा घाईने डाव सोडला. समोरच्या सुभेदारसाहेबांकडे वजीर, माझ्याकडे हत्ती आणि एक प्यादे. नऊ विरुद्ध सहा! मी राजा आडवा केला, तर ते म्हणाले, "मास्तर, सोडलात कशाला? इथून मला जिंकता येत नव्हतं." त्या रात्री पट पुन्हा मांडून पाहिला. त्यांचं खरं होतं.

वजिराचा हा दरारा फार जुना नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे का? भारतातून इराण-अरबस्तानात गेलेल्या खेळात वजीर तिरपे एकच घर चाले. पटावर सर्वांत बलवान असे तो कोपऱ्यातला मोहरा, आपला हत्ती. १४७५ च्या सुमारास स्पेनच्या व्हॅलेन्सियाकडे वजिराला आजची दौड मिळाली आणि मोहऱ्यांची सगळी किंमत बदलली.

ही नवी चाल फिरून आपल्याकडे आली. १८१४ साली, पेशवाई बुडायला चार वर्षे उरली असताना, मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्रींचे बुद्धिबळावरील पुस्तक इंग्रजीत छापले गेले. मूळ ग्रंथ संस्कृतातला. पण डावातले पेच युरोपीय पद्धतीला जुळवून मांडले आहेत, असे त्याच्या मुखपृष्ठावरच लिहिले आहे. खेळ आपला, नियम परतून आलेले. इतिहासात असे व्हायचेच.

आता शाळेत आपण मुलांना शिकवतो: वजीर नऊ, हत्ती पाच, उंट आणि घोडा तीन-तीन. सुरुवातीला हा हिशेब ठीक. डाव संपत आला की तो फसवतो. वजिरासमोर नुसते दोन घोडे असले, बेरीज नऊ विरुद्ध सहा, तरी ते नीट जवळजवळ उभे असले तर बहुधा बरोबरी होते. दोन उंटांची बेरीजही सहाच, तिथे मात्र बहुधा वजीर जिंकतो; पण इटलीच्या लोल्लीने १७६३ साली दाखवलेला त्यांचा बचाव गणकयंत्रालाही फोडता आलेला नाही.

वजीर विरुद्ध एकटा हत्ती हा डाव जिंकता येतो खरा, पण सोपा म्हणू नका. अमेरिकेचा सहा वेळचा विजेता वॉल्टर ब्राऊन १९७० च्या दशकाच्या अखेरीस केन थॉम्प्सनच्या यंत्राशी पैज लावून बसला. हत्ती यंत्राकडे. पन्नास चालींत मोहरा मारला नाही तर बरोबरी, असा नियम. पहिल्या खेपेस ब्राऊनला जमले नाही! घरी अभ्यास करून तो पुन्हा आला आणि नेमका पन्नासाव्या चालीस हत्ती मारला.

माझ्या डावात प्यादे मूळ घरीच होते, उंटाच्या ओळीत. हत्ती त्याच्या तिरप्या आधाराने उभा, राजा मागे. हत्तीची आडवी रेघ सुभेदारांच्या राजाला ओलांडता येत नव्हती आणि एकट्या वजिराने कोट पडत नव्हता. हत्ती पुढेमागे नाही, फक्त आधाराच्या दोन घरांत हलवत राहायचे. प्यादे पटाच्या अगदी कडेचे असते, तर मात्र गोष्ट निराळी.

नाशिकच्या विदित गुजराथीने २०२३ साली ग्रँड स्विस स्पर्धा जिंकली, तेव्हापासून माझे विद्यार्थी पट घेऊन येतात. त्यांचा वजीर मारला गेला की ते माझ्याकडे पाहतात. मी म्हणतो, "प्यादी कुठे आहेत ते आधी सांग." सुभेदारसाहेबांशी माझा परतीचा डाव अजून व्हायचा आहे.