जांघेतली गाठ, पायाची कातडी
पायात काटा मोडून जखम चिघळली की जांघेत अवधाण येते, हे सातारा-सांगलीकडच्या शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. पायाच्या कातडीतल्या लसीकावाहिन्या जांघेतल्या गाठींना मिळतात आणि जंतूंना अडवताना त्या गाठी सुजतात. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि लवकरच जुन्या सातारा जिल्ह्यात पसरला. आजच्या सांगलीतले वाळवे, तासगाव तेव्हा त्याच जिल्ह्यात होते. माणसे गाव सोडून रानात झोपड्या घालून राहिली. प्लेगच्या बहुतेक रुग्णांना गाठ येई ती जांघेत, म्हणजे रोग पायातून शिरत होता. माझ्या मते हा पुरावा पहिल्यापासून डोळ्यांसमोर होता. त्याचे मोल जाणले ते १८९८ मध्ये फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी. काही रुग्णांच्या पायावर त्यांना बारीक फोड दिसला, गाठीच्याच बाजूला, आणि त्यातल्या पाण्यात प्लेगचे जंतू सापडले. हा पिसवेचा चावा, असे ते म्हणाले. सरकारी प्लेग कमिशनने ते मानले नाही.

अनवाणी पायांच्या भेगांतूनही जंतू शिरू शकतील, हा त्या वेळचा आक्षेप टाकाऊ नव्हता. गाठ फक्त वाट दाखवते, वाटेवर कोण आले ते सांगत नाही. ते १९०५ नंतर मुंबईतल्या प्रयोगांनी ठरवले: प्लेगच्या घरात जमिनीपासून दोन इंचांवर टांगलेल्या पिंजऱ्यातले गिनीपिग मेले, दोन फुटांवरचे वाचले. पिसू तेवढी उंच उडत नाही.

प्लेग गेला, वाट तीच राहिली. उसाला पाणी पाजताना पाय तासन्‌तास ओले राहतात, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, तिथून जंतू शिरून धावरे उठते: पाय लाल, गरम, अंगात हुडहुडी, जांघेत अवधाण. दर खेपेला लसीकावाहिन्यांना इजा होते, पाणी साचते, आणि सुजलेला पाय पुढच्या धावऱ्याला आयता सापडतो. पाय सुजला म्हणजे हत्तीरोगच, असे कोणी म्हणेल. पण तो डासांमुळे पसरणारा कृमींचा रोग असून महाराष्ट्रात त्याचा जोर मुख्यतः पूर्व विदर्भात आहे. आणि त्यातही सूज वाढवतात ती हीच कातडीची दुखणी. फ्रान्समधल्या, १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या, १६७ रुग्णांच्या अभ्यासात पायाच्या धावऱ्याचा सर्वांत मोठा धोका लसीकेच्या सुजेत दिसला. पण ती सूज थोड्यांनाच असते. म्हणून एकूण रुग्णांचा विचार करता सर्वाधिक वाटा बोटांच्या बेचक्यांतल्या चिरांचा निघाला, ६१ टक्के.