हाक आणि चौकशी

नवी मुंबईसाठी सिडकोने ठाणे, पनवेल व उरणच्या 95 गावांच्या जमिनी घेतल्या. दि. बा. पाटलांच्या लढ्याची बातमी तेव्हा गावबैठकीतून फिरे; आणि तिची उलटतपासणीही तिथेच होई. भाव काय? सातबारा कोणाचा? पुढारी फुटला तर नाही ना? 16 व 17 जानेवारी 1984 रोजी उरण तालुक्यात गोळीबार होऊन पाच आंदोलक हुतात्मे झाले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली, ती त्यानंतर.

पुढे विमानतळाला दि. बां.चे नाव द्यावे म्हणून 10 जून 2021 रोजी मानवी साखळी झाली. 24 जूनला, त्यांच्या स्मृतिदिनी, सिडको भवनाला घेराव घालण्यासाठी हजारो लोक बेलापुरात जमले. आमच्या कोनकडची मुलेही गेली. साथीचे दिवस, बैठकांना बंदी; तरुणांपर्यंत हाक पोचली ती मोबाइलवरून. इतक्या थोड्या दिवसांत एवढी माणसे आम्हा युनियनवाल्यांना गेटसभा घेऊन कधी जमवता आली नाहीत, हे कबूल केले पाहिजे. पण मोबाइलवर नाव आले, घोषणा आली. चौकशी मात्र आली नाही. उरणकडच्या एका मुलाला मी विचारले, ‘साडेबारा टक्के कशाचे रे?’ त्याने मोबाइल काढला. आजोबांचा भूखंड बिल्डरला कितीला गेला, हे मात्र त्याला तोंडपाठ होते.