विणलं नाही, तरी कापड



२३ मार्च २०१८ ला राज्यात प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली. तेव्हा आमच्या गटाकडं पिशव्या शिवायला आणलेले तागे पडून होते. व्यापाऱ्यानं ‘कापडच आहे’ म्हणून दिले होते. बंदीच्या यादीत त्याचंही नाव निघालं, नॉन-वोव्हन पॉलिप्रॉपिलीन. बचतीतले पैसे अडकले. तेव्हा आम्हाला प्रश्न पडला, कापड म्हणायचं तरी कशाला?

न विणलेलं कापड आपल्याला नवं नाही. माण, खटाव, आटपाडी, जत या कमी पावसाच्या भागात धनगरांची मेंढरं. त्यांच्या लोकरीचं सूत कातून सणगर मागावर विणतात, ती घोंगडी. पण लोकरीचंच जेन नि बुरणूस करायला सूतही लागत नाही, मागही नाही. लोकर पिंजायची, चटईवर थर पसरायचे, पाणी शिंपडून गुंडाळायचं आणि हातापायांनी रगडत राहायचं. लोकरीच्या तंतूवर डोळ्याला न दिसणारे खवले असतात. ओल, ऊब आणि रगड मिळाली की तंतू एकमेकांत असे अडकतात की सुटत नाहीत. सायबेरियात पाझिरिक इथल्या थडग्यांत बर्फामुळं टिकलेले असे नमदे सापडले, ते २,००० वर्षांहून जुने आहेत.

कारखान्यानं पुढं हेच केलं, पण लोकरीच्या जागी प्लास्टिक आलं. पॉलिप्रॉपिलीनचे दाणे वितळवून बारीक छिद्रांतून तंतू काढतात. वाऱ्याच्या झोतानं ते ताणले जातात, सरकत्या पट्ट्यावर पसरतात आणि गरम रुळाखाली ठिपक्याठिपक्यांनी चिकटतात. पिशवीवर दिसणारे बारीक ठिपके ते हेच. २०२० मध्ये कोरोनात दवाखान्यातले मास्क याच घराण्यातले होते. बऱ्याच सॅनिटरी पॅडचा वरचा थरही त्यातलाच. म्हणजे वस्तू वाईट नाही, पण तिला सुती कापड म्हणून विकणं ही फसवणूक.

आता आम्ही माल घेण्याआधी छोटा तुकडा चिमट्यात धरून जाळून बघतो. सूत कागदासारखं जळून राख होते. लोकरीला केस जळाल्याचा वास येतो. प्लास्टिक वितळून त्याची कडक गाठ होते. पावतीवर ‘कापड’ एवढंच चालत नाही, कशाचं ते लिहून घेतो.

अजून एक गोष्ट मनाला लागते. कातरणीची मजुरीही सुटत नाही म्हणून आज कितीतरी लोकर टाकून दिली जाते. ज्या गावात मेंढरं आहेत, तिथल्या गटांनी एकदा म्हाताऱ्या माणसांना विचारावं, जेन कसं करायचे? सांगणारं कुणी आहे, तोवर विचारून घ्या.