बाटलीबंद ताडीचा दाब

पालघर जिल्ह्यातील उधवा हे तलासरी तालुक्यातील गाव गुजरात आणि दादरा-नगरहवेलीच्या सीमेजवळ वसले आहे. डहाणू-तलासरीच्या या पट्ट्यात ताड आणि शिंदीच्या झाडांपासून ताडी काढली जाते. येथे येणारे शहरी पाहुणे ती पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून, झाकण घट्ट लावून घरी नेतात. धोका नेमका या झाकणात असतो.

ताडाच्या पोयीला, तर शिंदीच्या शेंड्याजवळील खोडाला छेद देऊन रस मडक्यात गोळा केला जातो. मडक्याला आतून चुना लावला आणि रस पहाटेच उतरवला तर ती गोड नीरा. चुना नसल्यास हवेतील व भांड्यातील यीस्ट आणि जिवाणू लगेच कामाला लागतात. काही तासांतच रसात चार-पाच टक्के मद्यार्क तयार होतो. दुसऱ्या दिवशी तो आंबट होऊन शिरक्याच्या वाटेला लागतो.

साखरेचे मद्यार्कात रूपांतर होताना साखरेच्या जवळजवळ निम्म्या वजनाइतका कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. एक लिटर रसातील १०० ग्रॅम साखर पूर्ण आंबली तर पंचवीस लिटरहून अधिक वायू तयार होईल. बिअरचा पोलादी केग असा दाब गृहीत धरूनच बनवलेला असतो. त्याला सुरक्षा झडप असते आणि घरगुती यंत्रणेत रेग्युलेटरने दाब चौरस इंचास साधारण १०-१२ पौंडांवर राखला जातो. ताडीच्या बाटलीला यातले काहीच नसते. काचेची बाटली तर या कामी मुळीच वापरू नये. ती फुटल्यास तुकडे डोळ्यांत जाऊ शकतात. प्लास्टिकची बाटली किमान दाबली असता टणक लागून इशारा तरी देते. ती पाऊण भरावी, झाकण सैल ठेवावे, उन्हात तापणाऱ्या मोटारीत सोडू नये आणि उघडताना तोंड बाजूला करावे. शीतपेटीत आंबणे मंदावते, थांबत नाही. आंबट झालेली ताडी ठेवून देण्यात अर्थ नाही.

दुसरी काळजी झाडावरच घ्यावी लागते. बांगलादेशात निपाहचा संसर्ग वटवाघळांनी दूषित केलेल्या खजुरीच्या कच्च्या रसातून झाल्याचे आढळले असून तेथे मडक्याभोवती बांबूचे आच्छादन बांधण्याचा उपाय सुचवला गेला. महाबळेश्वरच्या गुहेत २०२० मध्ये पकडलेल्या वटवाघळांतही या विषाणूचा माग लागला होता. त्यामुळे उघड्या मडक्यातील कच्चा रस टाळलेला बरा.

भेसळीचा प्रश्न याहून गंभीर आहे. क्लोरल हायड्रेट हे गुंगी आणणारे रसायन पाण्यात मिसळून ‘ताडी’ म्हणून विकल्याची प्रकरणे राज्यात वारंवार उघडकीस आली आहेत. मद्यासोबत ते श्वसन मंदावते. झाडांचा पत्ता नसलेल्या शहरी वस्तीत बारमाही मिळणारी ताडी म्हणूनच संशयास्पद मानावी. पिणाऱ्यास असाधारण गुंगी आली तर झोपू न देता, घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.

याच झाडांतून वेगळा रोजगार उभा करण्यासाठी खादी व ग्रामोद्योग आयोगाने जून २०२० मध्ये डहाणूत नीरा व ताडगुळाचा प्रकल्प सुरू करून २०० कारागिरांना साहित्य दिले. ताडी काढण्यास व विकण्यास महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवाना लागतो. गुजरातेत १९६० पासून दारूबंदी असल्याने उधव्याहून त्या बाजूस निघालेल्या वाहनात ताडीची बाटली सापडल्यास तो गुन्हा ठरतो.