गायरान कोणाचें?

गांवची जमीन पांढरी आणि काळी या दोन नांवांनीं ओळखण्याची आपली जुनी रीत आहे. पांढरींत वस्ती, काळींत पीक. परंतु धाराशिव जिल्ह्यांत बालाघाटाच्या माथ्यावर गेलें असतां या दोहोंत न मोडणारा मुरमाड माळ गांवोगांव दृष्टीस पडतो. तेंच गायरान. कागदोपत्रीं मालक सरकार, वहिवाट मात्र गांवाची.

शहरांतील श्रोत्यांस ही जमीन पडीक वाटेल. परंतु २०२३ पर्यंत या जिल्ह्याचें जें नांव होतें तें धारण करणारी उस्मानाबादी शेळी अशाच माळांवर पोसली गेली, आणि शेळी हें आपल्याकडे भूमिहीनाचें धन. पावसाळ्यानंतरचें गवत, बोरीबाभळीचा पाला, जळणाच्या काटक्या यांवर अनेक घरांनीं दुष्काळ काढले आहेत.

याच माळावर दुसऱ्या एका भूमिहीनाचीहि दृष्टि होती. २२ व २३ फेब्रुवारी १९४१ रोजीं कसबे तडवळे येथें डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितींत महार-मांग वतनदारांची परिषद भरली. वतन या शब्दाला मानाचा वास येतो. महारवतन म्हणजे मात्र तुटपुंज्या जमिनीच्या मोबदल्यांत गांवची व सरकारची अहोरात्र राबणूक, आणि ती जमीनहि पिढीगणिक भावाभावांत वांटली जाई. या जाचांतून सुटावयाचें तर पोटास स्वतंत्र जमीन हवी. कोणा कुळाच्या नांवें नसलेली अशी जमीन गांवांत कोठली? गायरानाचीच. हैदराबाद संस्थान १९४८ मध्यें भारतांत सामील झाल्यानंतर मराठवाड्यांतील अनेक दलित कुटुंबांनीं माळावरचे दगडगोटे वेंचून तेथें ज्वारी पेरली. दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ व १९६४ च्या भूमिहीन सत्याग्रहांनीं त्या मागणीस चळवळीचें रूप दिलें.

तलाठ्याच्या दप्तरांत गांव नमुना १-ई म्हणून अतिक्रमणांची नोंदवही असते. तींत नांव चढलें कीं दंड, आणि दंड भरला कीं पावती. पुढें २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयानें शासनानें १४ एप्रिल १९९० पूर्वींचीं भूमिहीन दलित-आदिवासींचीं शेतीसाठीं केलेलीं अतिक्रमणें नियमित करण्याचें ठरविलें, तेव्हां अपराधाची तीच पावती हक्काचा पुरावा होऊन बसली! ज्याला दंड झाला तो तरला. ज्याची नोंद करण्याचेंच टाळलें गेलें, तो वर्षानुवर्षें नांगर धरूनहि उपरा राहिला.

शेळ्या चारणाराची गति तर याहूनहि बिकट. नांगराची रेघ मातींत उरते. खुरांची खूण एका पावसांत पुसून जाते. १९६६ च्या जमीन महसूल संहितेचें २२ वें कलम फुकट चराईसाठीं जमीन राखून ठेवण्याचा अधिकार देतें खरें, पण ती सोय सबंध गांवाची. दोन नाचार माणसें एकाच माळावर समोरासमोर उभीं, हा या इतिहासांतील खरा पेंच आहे, आणि सरकारी भाषेंत तो कोठें उमटत नाहीं.

२८ जानेवारी २०११ रोजीं, पंजाबांतील एका गांवतळ्याच्या खटल्यांत, सर्वोच्च न्यायालयानें गांवांच्या सामाईक जमिनी मोकळ्या करण्याचा आदेश सर्व राज्यांस दिला. सरकारी निर्णयान्वये भूमिहीनांस वा दलित-आदिवासींस दिलेली जमीन, तसेंच शाळा, दवाखाना, यांचा अपवाद त्यांत आहे. ऑक्टोबर २०२२ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें गायरानांवरील अतिक्रमणें वर्षअखेर हटविण्यास सांगितलें, तेव्हां राज्यांतील आंकडा दोन लाख बांधकामांच्या वर निघाला. माळ राखला पाहिजे, याविषयीं मला शंका नाहीं. परंतु धनिकाचें गोदाम व भूमिहीनाचा नांगर हीं दोन्ही एकाच शब्दांत कोंबण्याची घाई मला पसंत नाहीं. आणि हद्द आंखण्यापूर्वीं, भर उन्हाळ्यांत त्या माळावर कोणाचीं जनावरें येतात हें ग्रामसभेंत विचारून लिहून घ्यावें. मोजणीदाराच्या सांखळीला तें सांपडणार नाहीं.